ताईच्या पेशींची चहाडी

"अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणानंतर अंगावर लाली उठली, जुलाब झाले, तर लपवायचं नाही. त्याच दिवशी सांगायचं!" डॉक्टरांचा हा दम दवाखान्याच्या बाकावर एक ताई आपल्या धाकट्या भावाला पुन्हा ऐकवत होती. शेजारी मी नाम घेत बसले होते.

"तळहात दाखव."

"सकाळीच पाहिलेस ना!"

"परत दाखव. लाली उतरली रे! गोळ्या लागू पडल्या."

"तू दिलेल्या पेशी, आणि माझ्या अंगात शिरून मलाच ओरबाडतात. लहानपणची खोड तुझी!"

"घर नवं आहे त्यांना. रुळतील हळूहळू."

"तू रुळलीस का सासरी?"

"गप रे! मागच्या खेपेला लाली लपवलीस. का, तर ताईला वाईट वाटेल म्हणे!"

"तुझ्या पेशींची चहाडी तुझ्याकडेच कशी करायची?"

"खुशाल करायची. शब्द दिलायस मला."

"दिलाय."

"मग सांग, आज पोट बरं आहे ना?"

त्याने तळहात मागे ओढून घेतला.

"अरे, तुला विचारतेय."

"पहाटेपासून जुलाब होतायत, ताई."

"शहाणं माझं बाळ ते! चल, नर्सबाईंना सांगू."

"तू बस. माझा शब्द आहे, मीच सांगतो."

आणि भिंतीचा आधार घेत तो सावकाश नर्सच्या खिडकीकडे निघाला.