विल्फचा मॅग्नेटो

हॅलिफॅक्समधल्या आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात माझ्यापुढे शेजारच्या विल्फची बायको एनिडबाई उभ्या होत्या.

"डोरीन, सिगारेट वळायचे कागद दे गं."

"परत? तुमच्यात ओढतं कोण?"

"विल्फचा मित्र क्लेम आमच्या विल्फच्या जुन्या मोटरसायकलचा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र, बसवतोय. त्याच्या उघडझाप करणाऱ्या पॉइंटच्या फटीत कागद धरायचा. तो सुटला, की ठिणगीची वेळ कळते."

"पण अर्धांगाच्या झटक्यानं विल्फचा उजवा हात गेलाय ना?"

"डावा चालतो. कागद तोच धरतो."

"महिनाभर तेच?"

"बसला गं पहिल्याच रविवारी. तरी क्लेम दर रविवारी येऊन पुन्हा खोलतो. देव त्याचं भलं करो. त्याच्यासाठी आल्याची बिस्किटंही दे."

"विल्फच्या लक्षात नाही आलं?"

"न यायला काय झालं? रविवारी उजाडताच डाव्या हातानं दाढी करून गॅरेजच्या दारात बसलेला असतो."