गोटी पडल्याचा आवाज

माननीय अध्यक्षा मंजुषाताई, प्रमुख पाहुणे हेमंतराव, आजचे सत्कारमूर्ती दिगंबर सर, आणि सॉल्ट लेकपासून बराकपूरपर्यंत जिथून तिथून वेळ काढून आलेल्या आपल्या मराठी मंडळाच्या सभासदांनो, तुम्हां सर्वांना तेजस्विनीचा नमस्कार.

माझे बाबा बडाबाजारात सोनं गाळतात. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि तीही सरांच्या रविवारच्या विज्ञानवर्गामुळे. आता तो वर्ग मी घेणार आहे, कारण सर कायमचे पुतण्याकडे पुण्याला निघालेत.

सरांचा पहिला धडा आठवतो? उतरत्या फळीवरून काचेची गोटी सोडायची. टेबलावर टॉवेल असला की ती लगेच थांबे, कागदावर जरा पुढे जाई आणि काचेवर थेट कडेपर्यंत. "गोटी आपली आपण थांबत नाही, बाळांनो. घर्षण थांबवतं. थांबवणारा दिसत नाही म्हणून तो नाही, असं समजू नका."

टेबलाच्या कडेशी सरांच्या थोरल्या भगिनी, अनुराधाआक्का, पदर पसरून बसायच्या. गोटी अलगद पदरात. "दिगू, तुझ्या विज्ञानापायी माझ्या साड्यांची चाळण होणार रे!"

गेल्या वर्षी आक्का गेल्या. त्यानंतरच्या पहिल्याच वर्गात गोटी कडेवरून खाली गेली, आणि आवाज झाला नाही. खाली तर फरशी. गोटी आक्कांच्या खुर्चीपाशी मुकाट पडलेली. सरांनी पंखा बंद केला, टेबल फिरवलं, लोखंडी गोळी सोडून पाहिली. तेच. मुलांनी हातातून टाकलेली गोटी खणकन वाजे. फळीवरून आलेली मात्र नाही.

मुलांच्या वह्यांत "आवाज आला नाही" असं वाचून पालक विचारत, "काय शिकवता हो मुलांना?" जे दिसलं तेच लिहायचं, हे सरांनीच शिकवलेलं.

शेवटच्या वर्गात सरांनी गोटी सोडली आणि हळूच म्हणाले, "आक्का, जातो गं."

"सर, येतो म्हणायचं असतं!" वर्गातला अनीश ओरडला. त्याला मराठी जेमतेम येतं, पण एवढं येतं.

आणि गोटी पडली. खणकन. "रुसली ती," सर म्हणाले, "एकटीला टाकून निघालोय ना मी." आज सकाळपर्यंत ते तिकीट रद्द करायचं म्हणत होते. म्हणून, सर, मला सांगायचं होतं की...

क्षमा करा. एक मिनिट.

सर, आत्ता शाल सावरताना तुमच्या मांडीवरून श्रीफळ घरंगळलं. व्यासपीठ लाकडी आहे. हेमंतराव, तुम्ही शेजारीच बसलाय. आवाज आला? मलाही नाही. आणि हा माइक तर चालू आहे.

कुणी उचलू नका. राहू दे.

सर, तिकीट रद्द करू नका.

मला बोलायची संधी दिलीत, मंडळाची मी ऋणी आहे. अधिकउणं बोलले असेन तर लेकीचं म्हणून पोटात घाला. आणि पुण्याला कुणीतरी कळवा, दोघं येतायत.