कोपरा काळाच ठेवा

(फोटोच्या दुकानातली आतली खोली. संगणकासमोर फोटोवाली, शेजारच्या खुर्चीवर बालगृहाचे व्यवस्थापक.)

व्यवस्थापक : नको, एवढं उजळू नका. होता तसा काळपटच हवाय.

फोटोवाली : अहो, पोरीचं तोंडच दिसत नव्हतं. लोक काळे फोटो उजळून मागतात, तुमचं उलटंच.

व्यवस्थापक : थंडीचं आवाहन आहे ताई, ‘मुलांना पांघरूण द्या’ म्हणून. उजेडातला हसरा चेहरा बघून कोण देणार?

फोटोवाली : हसत नाहीये ती. दातावर दात आवळलेत. दंडावरचा काटा बघा, मोठा करून दाखवते.

व्यवस्थापक : वा. हे छान आलंय. हे राहू द्या.

फोटोवाली : छान?

व्यवस्थापक : म्हणजे... परिणामकारक. मी मुद्दाम दिवे बंद करायला लावले होते. पडदेही ओढले. एवढीशी तिरीप तेवढी येऊ दिली.

फोटोवाली : आणि तिचा स्वेटर?

व्यवस्थापक : दहा मिनिटं काढून ठेवला होता. फार तर वीस.

फोटोवाली : सकाळपासून विचारीन म्हणतेय. तिच्या मागे कोपऱ्यात हे काय आहे? अंधारात कळत नव्हतं, उजळल्यावर वर आलं. प्लास्टिक चमकतंय. पार छतापर्यंत रचलंय.

व्यवस्थापक : ते होय. मागच्या वर्षीची पांघरुणं.

फोटोवाली : गठ्ठे सोडलेसुद्धा नाहीत?

व्यवस्थापक : वाटली की मळतात, फाटतात. मोठे पाहुणे आले की नवी कोरी काढायची, पुन्हा घडी घालून ठेवायची. संस्था चालवणं काय असतं, तुम्हाला नाही कळायचं. तर तो कोपरा तेवढा काळा करा.

फोटोवाली : बारा वर्षं हेच करतेय मी. मुरमं पुसली, टकलं झाकली, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावांना शेजारी शेजारी हसत उभं केलं. पण ओकारी यावी असं काम आजवर कुणी आणलं नव्हतं.

व्यवस्थापक : शब्द जपून वापरा.

फोटोवाली : जपूनच वापरतेय. तुमच्या अध्यक्षबाईंशी बोलते मी. सकाळी नमुना त्यांनाच पाठवलाय.

व्यवस्थापक : बघितला त्यांनी.

फोटोवाली : मग?

व्यवस्थापक : म्हणून तर मला हातातलं टाकून यावं लागलं. ‘आधी तो कोपरा झाकून घे,’ म्हणाल्या.

फोटोवाली : शी. म्हणजे एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

व्यवस्थापक : करताय, की दुसरीकडे जाऊ? संस्थेची वर्षभराची छपाई तुमच्याकडे येते, विसरू नका.

फोटोवाली : येत होती. हा तुमचा पेनड्राइव्ह. धरा लवकर, मला हात धुवायचेत.

व्यवस्थापक : उगाच डोक्यात राख घालून घेताय.

फोटोवाली : उद्या सकाळी येते मी तिकडे. गठ्ठे सोडायला कात्री घेऊन.

व्यवस्थापक : असं येता येत नाही. मुलांना भेटायला अर्ज लागतो. कुणाला भेटायचं, कशासाठी, सगळं लिहून.

फोटोवाली : लिहिते की, आत्ताच लिहिते. नाव काय तिचं?

व्यवस्थापक : कुणाचं?