उत्तरार्ध

(गावातलं डोरीनचं कॅफे; शहरातला कॅनडियन फुटबॉलचा सामना आटपून बापलेक घरी निघालेत.)

कोल्टन : थंडीचं म्हणतोय मी, बाबा. तिकडे समुद्र आहे, जमीन गोठत नाही. जुने बूट चालतील.

अर्विन : तिकडे म्हणजे कुठे?

कोल्टन : व्हँकुव्हरला. शनिवारी.

अर्विन : शनिवारी तू व्हँकुव्हरला जाणार.

कोल्टन : सगळेच जाणार. उपांत्य सामना आहे ना.

अर्विन : कोल्टन, अख्खा रस्ता मी तोंड शिवून गाडी चालवली. एक अक्षर बोललो नाही तुला. आता माझा अंत पाहू नकोस.

कोल्टन : मी काय केलं?

अर्विन : मी काय केलं, म्हणे. खा ते बटाटे, गार होतायत.

डोरीन : कॉफी घ्या. अर्विन, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंयस ते विचारत नाही. माझाही रेडिओ चालू होता.

अर्विन : मग नकोच विचारू.

डोरीन : नाही रे बाबा. गावातले सगळे रिकामटेकडे आज दुपारी इथे रेडिओला कान लावून बसले होते. शेवटी याने गुडघा टेकला तर रॉयने कप आपटला. माझा कप! मी म्हटलं, रॉय, तू जन्मात टपालपेटीपर्यंत तरी धावलायस का? हा फोटो बघ भिंतीवरचा. चोवीस नंबर, आमच्या गावचं पोर, पाच वर्षं विद्यापीठाकडून खेळलं. तो फोटो काही मी काढणार नाही. कोल्टन, राजा, होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस.

कोल्टन : रॉयकाका कशाला चिडले, काकू? जिंकलो की आपण.

डोरीन : काय म्हणालास?

अर्विन : बघ. मघापासून हे चाललंय याचं. आपलीच थट्टा करतोय.

कोल्टन : थट्टा कसली? तीन गुणांनी पुढे होतो आपण. शेवटची खेळी. त्यांची गोलावरची लाथ हुकली, चेंडू आपल्या गोलरेषेमागे माझ्या हातात आला. तो घेऊन बाहेर पळालो असतो आणि कोणी हिसकावला असता तर? म्हणून जागच्या जागी गुडघा टेकला. तसं केलं की खेळी संपते आणि त्यांना एक गुण मिळतो, मिळू दे. सतरा-पंधरा, वेळ संपली, घरी चला. तुम्हीच शिकवलंत हे मला, धान्याच्या कोठाराच्या मागे, मी एवढासा असताना.

अर्विन : सतरा-सतरा होते.

कोल्टन : सतरा-चौदा.

अर्विन : ते मध्यंतराला! तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांनी तीन गुण घेतले, बरोबरी झाली. त्यावर तुझा तो गुडघा. अठरा-सतरा. एका गुणाने हरलो, कोल्टन. चेंडूला नुसती बाहेर लाथ मारली असतीस तरी ज्यादा वेळेत गेलो असतो. शेंबड्या पोरालासुद्धा कळतं एवढं. सगळा हंगाम मातीत घातलास आणि वर मला विचारतोस, कोणते बूट नेऊ?

डोरीन : अर्विन, गप्प बस जरा.

अर्विन : का गप्प बसू? एवढा वेळ गप्पच तर होतो.

डोरीन : आणखी थोडा बस. कोल्टन, इकडे बघ माझ्याकडे. त्यांनी ते तीन गुण घेतले तेव्हा तू कुठे होतास?

कोल्टन : बाकावर असेन.

डोरीन : असेन नको. आठवतंय का?

कोल्टन : मध्यंतराला संत्री कापून ठेवली होती. माझ्या वाटणीची नोलनने खाल्ली, तो नेहमी खातो. मग... मग चेंडू वरून येतोय. आभाळ करडं आहे. मी झेलतो आणि गुडघा टेकतो.

डोरीन : आणि मधलं?

कोल्टन : मधलं?

डोरीन : संत्र्यांपासून शेवटच्या चेंडूपर्यंतचं. दोन क्वार्टर झाले मधे.

कोल्टन : मधे काही नाही, काकू.

अर्विन : काही नाही म्हणजे काय? होतास की मैदानावर. मी पाहिलं ना तुला.

कोल्टन : आपण खरंच हरलो?

अर्विन : ...हो.

कोल्टन : तरीच. आत कपडे बदलताना सगळे रडत होते. मला वाटलं, आमचं शेवटचं वर्ष म्हणून रडतायत. नोलनला मिठी मारायला गेलो तर त्याने पाठ फिरवली. मी म्हटलं, दमला असेल. माझ्याशी कोणीच बोलत नव्हतं. मला वाटलं, सगळेच दमलेत.

डोरीन : डोकं दुखतंय?

कोल्टन : दुपारपासून. तुमचा तो दिवा टोचतोय डोळ्यांना.

डोरीन : उलटी?

कोल्टन : नाही.

अर्विन : झाली. पेट्रोल पंपावर, दार उघडून. मला वाटलं... लाजेने झाली. मी पाण्याची बाटली दिली आणि तोंड दुसरीकडे केलं.

कोल्टन : मला नाही आठवत ते.

डोरीन : ऊठ, अर्विन. कोट घाल त्याच्या अंगावर. घरी न्यायचं नाही याला. परत शहरात, मोठ्या हॉस्पिटलात. वाटेत बोलत राहा, झोपू देऊ नकोस. लोरेनला मी फोन करते.

अर्विन : तिला काय सांगशील?

डोरीन : तिच्या नवऱ्याला डोळे आहेत पण दिसत नाही, असं सांगते. ऊठ.

(ट्रकमध्ये. बाहेर अंधारून आलं आहे, बारीक बर्फ पडतो आहे.)

अर्विन : झोपलास?

कोल्टन : नाही. कधी लागलं मला?

अर्विन : मध्यंतराच्या जरा आधी. तू मान वर करून चेंडू झेलत होतास, त्यांच्या एका पोराचं हेल्मेट खालून हनुवटीवर बसलं. आवाज कुंपणापर्यंत आला. पण उठलास आपला आपण. मी टाळ्या वाजवल्या.

कोल्टन : मार्गोने तपासलं नाही?

अर्विन : तपासलं. नेमलेले प्रश्न विचारले, तू धडाधड उत्तरं दिलीस. फिजिओ म्हणून तिचं काम तिने केलं. तरी तिचं मन घेईना. कुंपणाशी आली, मला म्हणाली, आज फारच गप्प वाटतोय, नेहमी असाच असतो का?

कोल्टन : मग?

अर्विन : मी म्हटलं, पाळण्यात होता तेव्हापासून असाच आहे. ती हसली. आजूबाजूचे आईबापही हसले. परत गेली ती.

कोल्टन : खरंच आहे की. मी बोलतो कुठे.

अर्विन : माझी बाजू घेऊ नकोस.

कोल्टन : तुम्हाला काय माहीत होतं?

अर्विन : माहीत होतं. मार लागल्यावर तू आधी त्यांच्या बाकाकडे निघालास, त्यांच्या. मग थबकलास, वळलास. पाहिलं मी. आणि मनात म्हटलं, असू दे. पाच वर्षांतला शेवटचा सामना, वर विनिपेगच्या मोठ्या संघाचा माणूस पोरं हेरायला आलेला, आता बाहेर बसवलं तर पोराचं सगळं संपलं. असू दे, म्हटलं मी. आणि एवढा रस्ता तुझ्यावरच दात खात गाडी चालवली. बाप म्हणायचं मला.

कोल्टन : कोचला सांगू नका. मार्गोवर येईल.

अर्विन : सांगणार. मार्गोवर नाही, माझ्यावर येईल, येऊ दे. नोलनलाही सांगणार. त्या रॉयला तर आधी सांगणार.

कोल्टन : सांगून काय होणार? गुण परत मिळणार आहे का? ती पोरं पुढच्या वर्षी खेळतील. माझं झालं.

अर्विन : डॉक्टर काय म्हणतात ते बघू.

कोल्टन : डॉक्टर काहीही म्हणोत, माझं वर्ष संपलं, बाबा. विद्यापीठाकडून खेळायला पाचच मिळतात... तुम्ही सांगा ना.

अर्विन : काय सांगू?

कोल्टन : उत्तरार्ध. माझा शेवटचा होता, आणि मीच नव्हतो.

अर्विन : काय सांगायचं त्यात.

कोल्टन : झोपू द्यायचं नाहीये ना मला? मग सांगा.

अर्विन : ...त्यांनी एक उंच लाथ मारली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये. वाऱ्याने चेंडू वाकडा आला, तू मागे मागे जात झेललास. दोघं अंगावर आले, त्यांना चकवलंस. मग माझ्याच बाजूने आलास, कुंपणाला लागून. हात लांब केला असता तर लागला असतास.

कोल्टन : किती गेलो?

अर्विन : साठ यार्ड.

कोल्टन : टचडाउन? रेषेपार गेलो?

अर्विन : नाही. थोडक्यात पाडलं. पुढच्याच खेळीत आपल्या पोराच्या हातून चेंडू सुटला.

कोल्टन : पण साठ.

अर्विन : साठ. लोक उभे राहिले होते.

कोल्टन : मी कसा वाटत होतो? म्हणजे, मार लागलाय असं दिसत नव्हतं का?

अर्विन : हसत होतास.

कोल्टन : मी? मैदानावर?

अर्विन : पाच वर्षांत पहिल्यांदा. पाडलं तरी हसत उठलास. त्यांच्या एका पोराच्या पाठीवर थाप मारलीस.

कोल्टन : आणि तुम्ही?

अर्विन : मी तिथूनच तुझ्या आईला फोन लावला. म्हटलं, लोरेन, आज पोरगं किती मजेत खेळतंय.