पुढचा कान, मागचा कान

मावशी : अगं, पातेल्याचा तळ आत गेला. हे बघ.

लेक : जाऊ दे तळ. दुसरं घ्या. कुकर घ्या. फक्त थांबू नका, धुक्यात बाबाला आवाज जायला हवा.

मावशी : वाजवते ग बाई. पण तू त्या कठड्यावरून इतकी वाकू नकोस. तू पडलीस तर मला पोहता येत नाही.

लेक : फॉर्मवर 'उत्तम पोहता येतं' असं लिहिलंय तुम्ही.

मावशी : फॉर्मवर मी वयसुद्धा पाच वर्षांनी कमी लिहिलंय. नाहीतर डॉल्फिन मोजायला मला कुणी घेतलं असतं?

लेक : बाबा! बाबाऽऽ! ... किती मिनिटं झाली?

मावशी : बेचाळीस.

लेक : दहा मिनिटांत येतो म्हणाला होता. कासव समोर दिसत होतं, मावशी. जाळ्यात मान अडकलेली. चार वल्ही मारली की पोचेल इतकं जवळ. म्हणून तर मी त्याला एकट्याला रबरी होडीतून जाऊ दिलं. मी पाणी प्यायला खाली गेले आणि वर आले, तर आपल्याच बोटीचं पुढचं टोक दिसेना. भोंगा वाजवा ना परत.

मावशी : भोंग्यातला गॅस संपला. शेवटी नुसता फुसफुसला.

लेक : रडारवर काही आलंय?

मावशी : मघाशी होतं तेच. काही नाही.

लेक : रबरी होडी दिसतच नाही त्यावर. माहीत आहे मला, तरी विचारते. किनाऱ्यावरचा माणूस काय म्हणाला नक्की?

मावशी : त्यांची बोट निघाली आहे. पण या धुक्यात सावकाश येणार. दोन तास धरून चाला म्हणाला.

लेक : दोन तासांत तो कुठच्या कुठे जाईल. आपणही वाहतोय, तोही वाहतोय, आणि दोघं एकाच दिशेला वाहतोय असंही नाही. आपल्या डोलकाठीला वारा लागतो, त्याला नाही लागत. मी इंजिन सुरू करते.

मावशी : आणि कुठे नेतेस?

लेक : कुठेही! इथे नुसतं बसून काय करू?

मावशी : तुझ्याच बोटीखाली आले ते, म्हणजे? पुढचं टोक दिसत नाही म्हणतेस ना?

लेक : मग वॉकीटॉकीवर हाक मारा त्याला. तुमचा आवाज स्वच्छ पोचतो. पाण्यात तर पडला नसेल? मी वीसदा हाक मारली, एकदा तरी खरखर यायला हवी होती. मावशी, घ्या ना तो माईक.

मावशी : माईकचा उपयोग नाही.

लेक : मावशी?

मावशी : वॉकीटॉकी त्यांच्याकडे नाही. इथेच आहे. नकाशांच्या खणात, खाली.

लेक : काय?

मावशी : आत्ता सापडला. भोंग्याचा दुसरा डबा शोधायला खण उघडला, तेव्हा.

लेक : चार्जिंगला तुम्ही लावता रोज. चार्ज झाला की होडीच्या पिशवीत परत ठेवायचा, एवढं एकच काम! तीन आठवडे सांगतेय मी! डॉल्फिनची शीळ ऐकायचं काम मशीन करतं, तुम्ही फक्त वस्तू जागच्या जागी ठेवा म्हणून. तुमच्यामुळे माझा बाप...

मावशी : मी ठेवला होता ग.

लेक : मग खणात चालत गेला?

मावशी : त्यांनी काढून ठेवला. आज नाही, रोजच काढतात. होडी सोडायच्या आधी हळूच काढतात आणि खणात टाकतात.

लेक : का?

मावशी : त्यांना त्यातलं बोलणं कळत नाही. ऐकू येत नाही त्यांना.

लेक : काहीतरीच. कालच तर माझ्याशी तासभर बोलत होता जेवताना.

मावशी : समोरासमोर. तुझ्या तोंडाकडे बघून. अगं, पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले मी. ऐकू न येणारा माणूस काय करतो ते मला दुसऱ्या दिवशीच कळलं. तो 'हो हो' म्हणतो आणि हसतो. तू पाठमोरी असलीस की ते उत्तर देतात का कधी? आठवून बघ. आणि रेडिओशेजारी मला कुणी बसवलं? त्यांनीच. 'ऑपरेटरबाई, तुम्ही घ्या, तुमचा आवाज छान आहे.' आवाज कसला छान! मी ऐकायचं आणि त्यांच्यासमोर उभं राहून पुन्हा बोलायचं, असं ठरलं होतं आमचं.

लेक : आणि तुम्ही मला सांगितलं नाही.

मावशी : शब्द घेतला होता त्यांनी. एवढी मोहीम होऊ दे, मग मीच सांगतो लेकीला, म्हणाले. नाहीतर ती बोटीवरून उतरवेल मला. मी गप्प राहिले. चुकलं माझं. आज होडी सोडताना मी बघितलं होतं त्यांना खणाशी. तेव्हाच ओरडायला हवं होतं. हे पातेलं मी त्याच भीतीनं बडवतेय.

लेक : सकाळी मी सुकाणूवर होते. मी म्हटलं त्याला, तुझं कशात लक्ष नसतं, पुढच्या वर्षी मी दुसरा कप्तान बघते. तो काही बोलला नाही. मला वाटलं, रुसला. मला बरंच वाटलं, मावशी. म्हटलं, बसू दे रुसून.

मावशी : ते दोर गुंडाळत होते. त्यांना काही ऐकू गेलं नाही.

लेक : नक्की?

मावशी : नंतर माझ्याकडे येऊन म्हणाले, पोरगी आज खुशीत दिसते, सकाळपासून गुणगुणतेय काहीतरी.

लेक : मावशी, नका सांगू.

मावशी : रडू नकोस आता. नंतर दोघी मिळून रडू. आधी मला सांग, ही भांडी आपण कुणासाठी वाजवतोय? खाली ठेव तो कुकर.

लेक : नाही. थांबलो तर संपलंच सगळं. थोडं तरी येत असेल ना त्याला ऐकू?

मावशी : आलं तरी कुठून येतंय ते कळणार नाही. धुक्यात मला नाही कळत, तर त्यांना काय कळणार? त्यांना आपलं ऐकू येत नाही, पोरी. मग आपल्यालाच त्यांचं ऐकायला हवं.

लेक : कसं?

मावशी : पाण्यातले दोन्ही माईक अजून खालीच आहेत ना?

लेक : आहेत. पण डॉल्फिनसाठी लावलेत ते. बाबा काय शीळ घालणार आहे?

मावशी : रोज सकाळी माईक सोडले की कप्तान काय करतात?

लेक : होडीत उतरतो. पाना घेतो आणि... होडीच्या मोटरचा पाय पाण्यात असतो त्यावर ठोकतो. दोन भरभर, एक सावकाश. माईक चालू आहेत का बघायला.

मावशी : पाना होडीतच असतो ना त्यांचा?

लेक : असतो. पण त्याला सुचेल का हे?

मावशी : त्यांना माहीत आहे आपण ऐकायला बसतो. अट एकच आहे, आपण ऐकत असायला हवं. आणि अर्धा तास आपण नुसता कल्ला करतोय. पाण्याचा पंप बंद कर. फ्रिज बंद कर. सगळं बंद. हेडफोन दे इकडे.

लेक : मशीनवर लावते, पडद्यावर रेघ दिसेल.

मावशी : तुझं मशीन डॉल्फिनपुरतं शहाणं आहे. हेडफोन दे.

[मावशी हेडफोन लावते. बोटीच्या अंगाला पाणी लागतं, तेवढाच आवाज.]

लेक : काय येतंय?

मावशी : तळाशी कोळंबी कडकडते ती, रोजचीच. तू श्वास जरा हळू घे.

लेक : मावशी, तो ठोकत नसला तर? पाण्यात पडला असला तर?

मावशी : लाइन धरून ठेव. एवढंच करायचं असतं आपण. थांब! थांब, थांब.

लेक : काय?

मावशी : दोन... आणि एक. अगदी बारीक. दोन... आणि एक. आहेत ग! आहेत!

लेक : कोणत्या कानात? डावा पुढचा माईक, उजवा मागचा. आधी कोणत्या कानात येतंय?

मावशी : मला नीट... थांब, हे काय? हे दुसरंच काहीतरी आलं. धाड धाड धाड. मोठं.

लेक : बघू. जहाज आहे. मोठं जहाज, त्याचा पंखा. रडारवर... हे बघा, इथे! सरळ आपल्या दिशेनं येतंय. मावशी, ते जहाज होडीला बघणार नाही. तिथे नाश्ता करत असतील सगळे. रबरी होडी खाली गेली तर त्यांना कळणारसुद्धा नाही!

मावशी : मोठा रेडिओ चालू कर. हेडफोन तू धर. ... मोठ्या जहाजाला विनंती, मी संशोधन-बोटीवरून बोलते आहे. तुमच्या पुढे धुक्यात एक रबरी होडी आहे, तिच्यात एक माणूस आहे, त्याला ऐकू येत नाही. कृपया वेग कमी करा आणि बाहेर, खोल समुद्राच्या बाजूला वळा. ऐकलंत? ... धन्यवाद. मी लाइनवर आहे.

लेक : माईक किती घट्ट धरलाय तुम्ही.

मावशी : आवाज थरथरला का?

लेक : नाही.

मावशी : मग झालं. वळतो म्हणाला. काय ऐकू येतंय तुला?

लेक : फक्त जहाज. बाबाचं काही नाही. थांबलंय त्याचं ठोकणं.

मावशी : जहाजाखाली दबलंय. थांबलंय असं म्हणू नकोस.

लेक : लाट येईल आता त्याची. होडी उलटेल.

मावशी : माझा हात धर.

लेक : आली. धरा, धरा! ... गेली. मावशी, माझ्यात नाही धीर, तुम्ही ऐका. मला नाही ऐकवत.

मावशी : दे. ... जहाज लांब चाललंय. अजून लांब.

लेक : आणि?

मावशी : कोळंबी.

लेक : आणि?

मावशी : काही नाही.

लेक : देवा.

मावशी : बोलू नकोस. ... बोलू नकोस. ... एक. दोन... आणि एक! डाव्या कानात आधी, मग उजव्या. डाव्यात आधी, पोरी! पुढे आहेत!

लेक : पुढे! मागचा माईक मी ओढते, पुढचा तुम्ही ओढा. पंख्यात वायर गेली तर आपणही गेलो. ओढला?

मावशी : ओढला. हाताची सालटी गेली, पण ओढला.

लेक : दोन मिनिटं सावकाश जाते, मग बंद करून परत ऐकायचं. तुम्ही टोकाला बसा. काही काळं दिसलं तरी ओरडा.

मावशी : बसले. नुसतं पांढरं आहे ग सगळं.

लेक : बंद करते. मागचा माईक मी सोडते, पुढचा तुम्ही सोडा.

मावशी : सोडला. ... दोन आणि एक. मोठा आहे आता. पण दोन्ही कानांत एकदमच.

लेक : म्हणजे बाजूला. डावीकडे की उजवीकडे?

मावशी : ते माईकला नाही कळत, तूच शिकवलंस मला. माईक ओढू, बोट थोडी डावीकडे वळव, मग परत ऐकून सांगते. ... बास. उजव्यात आधी. मागे गेले! म्हणजे उजवीकडे आहेत. उजवीकडे वळ!

लेक : वळते. माईक ओढा. ओढला? जाते.

मावशी : हळू. हळू. अगं, हळू! थांब! काळं! समोर काळं आहे! इंजिन बंद!

लेक : बाबा! बाबा!

मावशी : हाक मारू नकोस, हात कर. दोन्ही हात कर! बघितलं, बघितलं त्यांनी!

कप्तान : दोर टाका! आधी दोर! माझ्या पंख्यात जाळं अडकलंय!

लेक : घे! पकडला? ओढते. पाय दे इथे. हात दे.

कप्तान : कासव सुटलं! मान जरा सोललीये, पण गेलं खाली जोरात. अहो ऑपरेटरबाई, केव्हापासून ठोकतोय मी! हात तुटायची वेळ आली. म्हटलं, या दोघी झोपल्या की काय!

मावशी : भांडी घासत होतो.

कप्तान : हो हो! आणि ते जहाज बघितलंत का? पाण्याची भिंतच आली अंगावर. होडीच्या तळाशी आडवा पडलो नि डोळे मिटले. जाळं कापून ठेवलंय मी, नमुन्याला लागेल तुला. आणि... काय झालं? असं काय तोंड केलंय? अगं, कासव सुटलं म्हणतोय ना!

मावशी : कप्तान, ती तुम्हाला म्हणतेय की...

लेक : नको, मावशी. आता तुम्ही जोडून देऊ नका. मी बोलते. बाबा, दोर सोड हातातला. इकडे बघ. माझ्या तोंडाकडे. मी... फार... घाबरले होते. कळलं?

कप्तान : कळलं. मीपण घाबरलो होतो ग.