मधल्या बोटाची जागा

आमी मूळचे खंडाळ्याकडचे. घरटी एक गडी पलटणीत, तसा आमचा थोरला दादा, आन मी धाकटा म्हंजी नुसता खायाला काळ. लढाईच्या वर्सी दादा सुट्टीला गिटार घिऊन आला. जाताना म्हनला, घे रं बाळ्या, पयलं बोट साऱ्या तारांवर आडवं दाब, दोन पट्ट्या म्होरं शेवटची दोन बोटं, ह्यो झाला मायनर. आसाच हात वर सरकव, दर पट्टीला नवा कॉर्ड. मधलं बोट उचलून धर, त्ये टेकलं की मेजर, हसरा कॉर्ड, त्यो पुढल्या सुट्टीला.

काय सांगू तुमाला, दांडीभर कॉर्ड आले म्हनताना मी सोताला उस्ताद समजाया लागलो. गोठ्यात बसून खालनं वर, वरनं खाली. पर कुठंबी सरकवा, निघायचं रडनंच. म्हशीनं दूध चोरलं. आई म्हनायची, आरं घरातला मानूस लढाईवर, आन हे कसलं हेल काढतूस? मी म्हनायचो, आये, ह्यो निराळा कॉर्ड हाय. ती म्हनायची, निराळा आसंल, रडतोय तर त्योच की.

मग दादाची पत्रं थांबली. मरनाची तार आननारा पोस्टाचा तारवाला दिसला की बायांच्या हातातलं काम थांबायचं. एक दिस त्यो आमच्या दारी सायकल लावून पानी प्याला, फकस्त पानी, आन गेला. मी गोठ्यात येड्यागत मायनर वर वर न्हेत हुतो. ते ऐकून दारातल्या आईला रडू फुटलं. समोरच्या गंगूकाकीनं सायकल बघितली, डोळ्याला लावलेला पदर बघितला, आन आतनं हेल ऐकले, तिला वाटलं तार आली.

जरा येळानं अंगनात बाया, माना खाली, काकीच्या डोईवर भाकरीची पाटी. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई, शेजारी आनत्यात, कडू घास म्हनत्यात त्येला.  पाटी बघून आईला वाटलं, गावाला कळलंय, आपल्यालाच सांगितलं न्हाई. मी गिटार गळ्यात घालून भाईर आलो. काकी म्हनली, मुडद्या, भाऊ गेला आन वाजवतूस?

तार न्हवतीच, तारवाला नुसतं पानी पिऊन गेला, ह्यो उलगडा झाला, पर आईनं पाटी उंबऱ्याच्या आत घिऊ दिली न्हाई. इझलेली चूल पेटवली, वलं सरपन घातलं, साऱ्या गावाला दिसंल आसा धूर केला.

दादा आला. लय उशिरा, दवाखान्यातनं, पर चालत आला. आईनं भाकरतुकडा ववाळला न्हाई तवर म्या गाढवानं गिटार म्होरं केली, दादा, आता मेजर. त्यानं पयलं बोट आडवं दाबलं, शेवटची दोन ठेवली. मधल्याची जागा रिकामी. मधलं बोट तिकडंच ऱ्हायलं हुतं. तारा छेडून हसला, म्हनला, बाळ्या, आता तुझ्यायेवढंच येतं रं मला.

आता मी सांगलीत हळदीच्या पेठंत तोलाई करतो. गावी गेलो की दादा दांडीवर हात ठेवतो, म्हनतो, टेकव तुझं. मी माझं मधलं बोट त्याच्या बोटांमधी घालून दाबतो, मग त्यो हसरा वाजतो. कवा कवा म्हनत न्हाई. एकटाच मायनर वर वर न्हेत बसतो, तवा मीबी बोट म्होरं करत न्हाई. देव त्येला औक्ष दिवो. आजून गावात शिरताना मी आदी आमच्या घरावर धूर हाय का बघतो, मगच म्होरं पाय टाकतो.