दुकानाची पायरी

नव्या कामावर निघालेला गवंडी पहार टेकवून बसच्या रांगेत उभा होता. पुढे सासू-सुनेचं चाललं होतं.

"आई, आपल्या दुकानाची पायरी झिजून पार खोलगट झालीय."

"होणारच! गावातलं पहिलं दुकान आपलं. कुठून कुठून गिऱ्हाईक यायचं! समोरच्यांची पायरी बघ, अजून कोरी करकरीत."

"पण पाणी साचतं ना! हे म्हणत होते, आज गवंडी येऊन दगड उलटा बसवेल. खालची बाजू सपाटच असणार."

"सपाट? अगं, माझ्या सासऱ्यांनी तो एकदा उलटवलाय. खालची बाजू त्यांच्या वडिलांच्या गिऱ्हाइकांनी झिजवली!"

गवंड्याने पहार हळूच पाठीमागे घेतली.